सायकलवरचा चष्मा

पावसाळा सरत आला होता. आमच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला, "दादा, पोरगी उन्हाचा चष्मा घ्यायला बेळगावला निघाली आहे. तुम्ही बरोबर जा, नाहीतर आरशात बघून काहीतरी उचलून आणील." पोरगी म्हणजे आमची भाची. पणजीस नोकरीला असते, आणि गेली दोन वर्षे तिने सायकलीचा ध्यास घेतला आहे. सुटीवर घरी आली म्हणजे पहाटेच जांबोटीच्या रस्त्याला लागते, ती ऊन चढल्यावर परतते. निरोप ऐकून आम्हांस हसू आले, आणि त्याचबरोबर आमचा हात नकळत उजव्या भुवईकडे गेला. तेथे एक बारीकसा व्रण आहे. तो का आहे हे पुढे सांगू.

भाचीने यंदा ट्रायथलॉन नावाच्या शर्यतीत नाव नोंदवले आहे. वाचकांपैकी काहींच्या घरची मुलेही या नादात असतील, काहींच्या कानी मात्र हा शब्द प्रथमच पडत असेल, म्हणून थोडे सांगतो. आधी पोहायचे, पाण्यातून निघून तसेच सायकलीवर बसायचे आणि सायकल ठेवून धावत सुटायचे. तिन्हींच्या मधे विसावा नाही आणि घड्याळ थांबत नाही. या खेळातली जी शर्यत पुढे जगभर गाजली ती १९७८ साली हवाई बेटांवर प्रथम झाली. पंधरा जण निघाले होते, त्यांपैकी बारा जणांनी ती पुरी केली. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीस आला. आपल्या बाजूस पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली अशी मोठी शर्यत भरली. पुढे महामारीमुळे दोन वर्षे खंड पडून २०२२ साली ती पुन्हा झाली. तीत समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असा एकंदर हिशेब असतो. आरंभ सकाळच्या कोवळ्या उजेडात होतो. पण आपल्यासारख्या सामान्य माणसाला हे सारे पुरे करावयास सहा-सहा, सात-सात तास लागतात, म्हणजे धावण्याच्या वेळी सूर्य डोक्यावर येतो. इतका वेळ डोळे उघडे ठेवून वाऱ्यात, धुळीत आणि उन्हात राहावयाचे, तर त्या डोळ्यांवर काय असावे हा प्रश्न नखऱ्याचा नव्हे.

नखरा हा शब्द आम्ही मुद्दाम काढला. आपल्या खेड्यांत काळा चष्मा म्हणजे अजूनही थोडी शेखी समजली जाते. आमच्या आईच्या लेखी तर काळा चष्मा दोघांनीच घालावा, मोतीबिंदू काढलेल्याने आणि सिनेमातल्या खलनायकाने. परंतु सायकलवीरांच्या डोळ्यांवर चष्मा आला तो शोभेसाठी नव्हे. फ्रान्सच्या जगप्रसिद्ध शर्यतीत शंभर वर्षांपूर्वी रस्ते कच्चे होते, आणि त्या काळच्या छायाचित्रांत मोटारवाल्यांसारखे जाड गॉगल लावलेले, धुळीने माखलेले सायकलस्वार दिसतात. पुढे रस्ते डांबरी झाले आणि गॉगल मागे पडले. १९८० नंतरच्या काळात अमेरिकेच्या ग्रेग लेमाँड यांच्यासारख्या स्पर्धकांमुळे चेहऱ्याला लपेटून बसणारा मोठा, एकसंध काचेचा चष्मा या खेळात रूढ झाला. हेच लेमाँड १९८९ साली अखेरच्या दिवशी अवघ्या आठ सेकंदांनी जिंकले. त्यांनी ज्यांना मागे टाकले ते लोराँ फिन्यों साधा, सोनेरी काड्यांचा नजरेचा चष्मा लावीत आणि त्यांना सारे 'प्रोफेसर' म्हणत. तो विजय चष्म्याने मिळाला असे मात्र कोणी समजू नये.

आता आमच्या व्रणाची गोष्ट. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका फेस्ताच्या फेरीत, खाज्याच्या दुकानाशेजारी मांडलेल्या चष्म्यांतून आम्ही एक काळाकुट्ट चष्मा घेतला. जितका काळा तितका चांगला, अशी आमची त्या वेळची समजूत होती. दुसऱ्याच दिवशी तो लावून सायकलीवरून निघालो. उघड्या माळावर फार सुख वाटले. मग उतार लागला आणि उतारानंतर रस्ता एकदम दाट झाडीत शिरला. आम्हांस समोर काही म्हणता काही दिसेना. झाडीच्या सावलीत रस्ता उखडून हातभर रुंदीचा खड्डा पडला होता, तो आम्हांस चाक त्यात गेल्यावर कळला. पडलो तोंडावर. गुडघे फुटले त्याचे काही नाही, पण चष्म्याची काच तडकली आणि तिचा तुकडा भुवईत घुसला. डॉक्टरांनी तीन टाके घातले आणि म्हणाले, "आणखी बोटभर खाली आला असता, तर मी टाके घातले नसते, तुम्हांला मोठ्या इस्पितळात धाडले असते."

त्या एका पडण्यात चष्म्याविषयीचे जवळजवळ सारे शिक्षण आम्हांस मिळाले. समजले मात्र पुष्कळ मागाहून.

पहिली गोष्ट काळेपणाची. दाट झाडाखाली उजेड उघड्या उन्हाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. तेवढ्यातलाही नव्वद टक्के चष्म्याने अडवला, तर डोळ्याला उरते काय? डोळ्याची बाहुली मोठी होऊन उजेड गोळा करू लागते, पण त्याला वेळ लागतो, आणि सायकल थांबलेली नसते. ताशी तीस किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात आठ मीटरांहून अधिक पुढे जाते. उतारावर ताशी चाळीसचा वेग आला तर अकरा मीटर. दोन सेकंद आंधळे राहिलो की वीसएक मीटर रस्ता न पाहताच कापला.

चांगल्या चष्म्याच्या दांडीवर आतल्या बाजूस बारीक अक्षरांत शून्यापासून चारपर्यंत एक आकडा छापलेला असतो. तो पाहण्याची सवय ठेवावी. शून्य म्हणजे जवळजवळ स्वच्छ काच. शंभरांतला ऐंशी भाग वा अधिक उजेड आत येऊ देणारी. एक म्हणजे त्रेचाळीस ते ऐंशी भाग, दोन म्हणजे अठरा ते त्रेचाळीस, तीन म्हणजे आठ ते अठरा. चार आकड्याची काच केवळ तीन ते आठ भाग उजेड सोडते. ती बर्फाच्या डोंगरांसाठी आहे, आणि ती लावून वाहन चालवू नये असे तिच्याबरोबर स्पष्ट लिहिलेले असते. बाजारात सर्रास मिळणारा उन्हाचा चष्मा तीन आकड्याचा असतो. समुद्रकिनाऱ्याच्या उघड्या रस्त्यास तो ठीक. पण ज्याचा रस्ता माडांच्या बागांतून, काजूच्या डोंगरांतून किंवा चोर्ला घाटाच्या रानातून ऊन-सावलीचे पट्टे ओलांडीत जातो, त्याने दोन आकड्याचीच काच घ्यावी असे आमचे ठाम मत आहे. पहाटे अंधारात निघणाऱ्याने आणि पावसात चालवणाऱ्याने शून्य आकड्याची स्वच्छ काच ठेवावी. कित्येक चष्म्यांत काचा काढून बदलता येतात, त्या याचसाठी. रंगाविषयी थोडक्यात सांगायचे तर राखी काच रंग जसेच्या तसे दाखवते, तपकिरी काच रस्त्यावरचे उंचसखल अधिक उठून दाखवते, आणि पिवळी काच मळभात बरी वाटते. रात्री मात्र पिवळी काच लावू नये. ती अंधारात मदत करते हा समज खोटा आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि ती केवळ सायकलवाल्यांची नव्हे. काळेपणा म्हणजे संरक्षण नव्हे. उन्हात डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर न दिसणारे अतिनील किरणही असतात. ते वर्षानुवर्षे डोळ्यांत जात राहिले की मोतीबिंदूचा धोका वाढतो, आणि नाकाच्या बाजूने बुबुळावर वडस चढतो. आपल्या शेतकऱ्यांत आणि मासेमारी करणाऱ्यांत वडस वाढलेले डोळे कोणी पाहिले नाहीत? स्वच्छ, बिनरंगी काचसुद्धा हे किरण पूर्णपणे अडवू शकते, आणि काळीकुट्ट काच ते सर्रास आत सोडू शकते. तशी नुसती काळी काच असली तर ती उघड्या डोळ्यांहून वाईट, कारण अंधार वाटून बाहुली मोठी होते आणि त्या मोठ्या दारातून किरण अधिक शिरतात. उघड्या डोळ्याला निदान मिचकावण्याची तरी बुद्धी होते. म्हणून चष्म्यावर 'यूव्ही ४००' असे आहे का ते पाहावे. चारशे नॅनोमीटर लांबीपर्यंतचे सारे किरण अडतात असा त्याचा अर्थ. छापलेल्या अक्षरांवर विश्वास नसेल तर चष्म्याच्या पुष्कळ दुकानांत हे मोजणारे लहानसे यंत्र असते. काच त्यावर ठेवा म्हणावे. एक मिनिटाचे काम आहे, आणि ते सांगण्यास लाजू नये.

तिसरी गोष्ट काचेच्या पदार्थाची. आमच्या भुवईत घुसला तो ठिसूळ प्लॅस्टिकचा तुकडा होता. खेळाच्या चांगल्या चष्म्यांत पॉलिकार्बोनेट वापरतात. हा पदार्थ १९५३ साली जर्मनीत हेरमान श्नेल यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांस ठाऊक नसता, तयार केला. चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणांचा पारदर्शक घुमट याच पदार्थाचा होता. तो आघाताने सहसा फुटत नाही, आणि त्याचा आणखी एक गुण असा की अतिनील किरण तो अंगभूतच शोषून घेतो. दोष एकच, त्यावर चरे लवकर पडतात. आपली तांबडी धूळ काचेवर बसलेली असता सदऱ्याच्या टोकाने ती पुसणे म्हणजे काच घासून काढणेच होय. आधी पाण्याने धुवावी, मग मऊ फडक्याने टिपावी. बाटलीतले घोटभर पाणी त्यासाठी खर्च झाले तर होऊ द्यावे.

तर आम्ही आणि भाची बेळगावच्या बाजारात एका दुकानात गेलो. दुकानदार सज्जन होता. त्याने काउंटरवर वीसएक चष्मे मांडले आणि आरसा पुढे सरकवला. भाचीने एक लावला, मान डावीकडे केली, उजवीकडे केली, आणि खुलली. आम्ही म्हणालो, "आता सायकलीवर बसतेस तशी वाक."

"इथे, मामा? लोक बघताहेत."

"बघू देत. तू चष्मा आरशासमोर उभी राहण्यासाठी घेतेस की काय?"

ती बिचारी एका स्टुलाच्या कडेला हात टेकून वाकली आणि नजर वर करून दारातून रस्त्याकडे पाहू लागली. लगेच म्हणाली, "मामा, वरची कडा आड येते." तेच आम्हांस दाखवायचे होते. सायकलस्वार, विशेषतः लांब दांड्यांवर कोपर टेकून चालवणारा ट्रायथलॉनचा स्पर्धक, पुढे वाकलेला असतो. त्याची नजर काचेच्या मध्यातून जात नाही, ती वरच्या काठातून जाते. उभे राहून जो चष्मा उत्तम दिसतो, त्याची जाड कडा सायकलीवर नेमकी रस्त्याच्या आड येते. मग माणूस मान आणखी वर काढतो आणि संध्याकाळी मान धरली म्हणून तेल चोळत बसतो. म्हणून वरची कडा नसलेला किंवा कपाळापर्यंत उंच काच असलेला चष्मा पाहावा. दुकानात हेल्मेट घेऊन जावे हेही आमचे सांगणे आहे. हेल्मेटचा मागचा पट्टा आणि चष्म्याच्या दांड्या कानामागे एकाच जागी भांडतात. ते भांडण दुकानातच मिटलेले बरे.

पाच-सहा चष्मे असे बाद झाले. एक बाजूने फार उघडा होता. ताशी तीसच्या वेगाने वारा त्या फटीतून शिरला की डोळ्यांतून पाणी वाहू लागते, आणि संध्याकाळचे चिलटही तेथूनच शिरते. दुसरा इतका घट्ट चिकटणारा होता की हवेला वाट नाही. आपल्या दमट हवेत चढावर सायकल मंदावली की त्यावर वाफ धरणार. काच गालाला टेकू नये, भुवईलाही लागू नये, आणि तरी बाजू झाकावी. हे तिन्ही जुळवणे नाकाच्या घडणीवर अवलंबून असते, किमतीवर नाही. नाकावरच्या आणि दांड्यांवरच्या रबराला ओले बोट लावून पाहावे. चांगले रबर घामाने अधिक धरून बसते, वाईट रबर साबणासारखे सुटते. धावताना चष्मा नाकावर नाचू लागला की तो दहाव्या मिनिटाला खिशात जातो.

दुकानदाराने मग आपला सर्वांत आवडता माल काढला, पोलराइज्ड काचांचा. पाण्यावरून वा रस्त्यावरून आडवी परावर्तित होऊन येणारी चकाकी अशी काच गाळून टाकते. होडीवर उभे राहणाऱ्यास हिच्यासारखी काच नाही. पाण्याच्या पाठीवरची चमक जाऊन आतले दिसू लागते. पण सायकलवाल्याला ती चमकच कधी कधी हवी असते. ओल्या रस्त्यावर तेल सांडलेले आहे, पांढरा पट्टा भिजून निसरडा झाला आहे, हे त्या चमकीवरूनच कळते. शिवाय सायकलीच्या लहान यंत्राचा पडदा या काचेतून काही कोनांत काळा दिसतो. आमची भाची वेग आणि अंतर त्या यंत्रावर पाहते. आम्ही दुकानदाराचे आभार मानले आणि तो चष्मा परत ठेवला.

खरी अडचण पुढेच होती. भाचीला लांबचा दोन नंबर आहे. डोळ्यांत बसवायची भिंगे लावून समुद्रात पोहणे नेत्रवैद्यांना मान्य नाही. पाण्यातले सूक्ष्म जंतू त्या भिंगाआड अडकून बुबुळाला जबर इजा करू शकतात. तेव्हा पोहण्यासाठी नंबराचा वेगळा गॉगल, आणि पाण्याबाहेर आल्यावर नंबराचा चष्मा. तो दोन प्रकारे होतो. बाहेर मोठी रंगीत काच आणि आत नंबराची छोटी चौकट, हा एक. यात बाहेरची काच बदलता येते, पण दोन काचांमध्ये वाफ धरते आणि पापण्या आतल्या काचेला लागतात. दुसरा, नंबर थेट रंगीत काचेतच घालणे. मात्र फार वळणदार काचेत नंबर घातला तर कडेची जमीन वाकडी भासते, म्हणून वळण कमी असलेली चौकट घ्यावी लागते. आणि काचा बदलायच्या तर प्रत्येक जोडीचा खर्च नव्याने.

भाची विचारात पडली. दुकानदार म्हणाला, "मग उन्हात काळी होणारी काच घ्या." आम्ही प्रथम नकार दिला होता. ही काच अतिनील किरणांनी गडद होते आणि सावलीत पुन्हा फिकी होते, पण फिके होण्यास तिला काही मिनिटे लागतात. धावत्या सायकलीवर झाडीच्या तोंडाशी ती काही कामाची नाही. आणि गरम हवेत ती पूर्ण गडदही होत नाही, हा तिचा प्रसिद्ध दोष. हे आम्ही बोलून गेलो, आणि बोलता बोलताच थांबलो. भाचीही तेव्हाच म्हणाली, "मामा, पूर्ण गडद झाली नाही तर बरेच की! तुम्हांलाच तर दोन आकडा हवा आहे." पोरीचे म्हणणे अगदी बरोबर होते. थंड देशात तीन आकड्यापर्यंत जाणारी काच आपल्या उन्हात मधेच थांबणार. झाडीत शिरताना ती फिकी झाली नाही तरी आंधळे करण्याइतकी गडद मुळात झालेलीच नसणार. आणि पहाटे ती जवळजवळ स्वच्छ. पॉलिकार्बोनेटची, नंबराची, वरची कडा नसलेल्या चौकटीत बसवून घ्यायची असे ठरले. मिरामारच्या उघड्या रस्त्यावर दुपारी डोळे थोडे दिपतील, त्याला हेल्मेटखाली छोटी टोपी हा उपाय आहे. किंमत सायकलीच्या दोन उत्तम टायरांइतकी पडली. दोनशे रुपयांपासून वीस हजारांपर्यंत चष्मे तेथे होते. वीस हजारांच्या चष्म्याचीही कडा आड येत होती, हे नमूद करतो.

चष्मा आठ दिवसांनी मिळाला. त्या दिवसापासून अंगणात एक नवा सराव सुरू झाला, तो पाहायला शेजारची मुले जमत. पाण्यातून आल्यावर सायकल घेण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावलेला असलाच पाहिजे, असा या शर्यतीचा नियम आहे. म्हणून हेल्मेट सायकलीच्या दांड्यावर उलटे ठेवायचे, त्यात चष्मा दांड्या उघडून ठेवायचा. ओल्या हातांनी आधी चष्मा, मग हेल्मेट, मग पट्टा. पहिल्या दिवशी तिने दांडी डोळ्यातच घालून घेतली. बहिणीने बादलीभर पाणी अंगावर ओतायचे आणि आम्ही घड्याळ धरायचे, असे चालले होते. खारे पाणी काचेवर सुकले की ठिपके राहतात, त्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले कोरडे फडके सायकलीला लावण्याची युक्ती बहिणीची.

सुटी संपण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे पहाटे जांबोटीच्या रस्त्याने निघालो. ती पुढे, आम्ही आमच्या जुन्या सायकलीवर मागे. परतताना ऊन चढले होते. आमचा तो उतार आला, पुढे ती झाडी. रस्ता आता पुष्कळ सुधारला आहे, पण पावसाने त्याच वळणावर पुन्हा एक नवा खड्डा पाडला होता. आम्ही ब्रेकवर बोटे ठेवली. भाची वेग न मोडता सावलीत शिरली, किंचित उजवीकडे झाली, आणि मागे न पाहता हात खाली करून ओरडली, "मामा, डावीकडे खड्डा!"